चौसष्टच्या लाइनवरच्या कुंदाताई

कंपनीत लागलो त्या पहिल्याच दिवशी मला घरी एवढंच कळवायचं होतं की उद्यापासून डबा नको, इथे कॅन्टीन आहे. घरी म्हणजे वर्तकनगरात आमच्या शेजाऱ्यांकडे. फोन त्यांच्याकडे होता. मी टेबलावरचा काळा फोन उचलला. पलीकडून बाईंचा खणखणीत आवाज आला, "बोला."

"बाहेरची एक लाइन द्या."

"कशासाठी?"

मी गडबडलो. फोन कशासाठी हवा असं ऑपरेटर विचारते, हे मला नवीन होतं. "घरी फोन करायचाय."

"कोण आजारी हाय?"

"नाही, नाही. डब्याचं सांगायचंय."

"मग चार वाजता." फोन बंद.

चार वाजायला पाच तास होते. मधल्या वेळात शेजारच्या टेबलावरच्या गृहस्थांनी मला समजावलं, "पाटणकर, त्यांच्याशी वाद घालू नका. त्या कुंदाताई तांडेल. इथे जनरल मॅनेजरसुद्धा रांगेत उभे राहतात." मला वाटलं, नव्या माणसाची गंमत करताहेत. पुढे अकरा वर्षं कुंदाताईंबरोबर काढली आणि कळलं की गृहस्थ कमीच बोलले होते.

अठ्ठ्याऐंशी साल असावं ते. आमची कंपनी रंग बनवायची. कोलशेतला ऑफिस आणि मोठं गोदाम, डोंबिवलीला एमआयडीसीत कारखाना. मी ई.डी.पी.त, म्हणजे कॉम्प्युटरच्या खात्यात होतो. ऑफिसात दीडशे फोन होते आणि बाहेर जायला लाइनी फक्त आठ. दीडशे माणसांना आठ दारांतून सोडायचं, हे कुंदाताईंचं काम. जिन्याखालच्या खोलीत त्यांचा बोर्ड होता. अंगानं भक्कम, रंग काळासावळा, पाचवारी साडी, घट्ट बुचडा आणि त्यावर अबोलीचा गजरा. डोक्यावरच्या हेडफोनची पट्टी त्या गजऱ्यावरून जायची आणि गजरा चिरडायची. त्यामुळे कुंदाताई गजरा एका बाजूला, कानामागे माळायच्या. नवीन माणसाला वाटायचं, गजरा घसरलाय. एका नव्या टायपिस्ट मुलीनं भीत भीत तसं सांगितलंही. "घसरला नाय, बाजूला झालाय," कुंदाताई म्हणाल्या. "त्याला पन जागा द्यायला लागते."

कोलशेत गावातल्याच त्या. नवरा खाडीत होडी घालायचा. गावातल्या बायका पाटी घेऊन बाजारात जायच्या तेव्हा ह्या मॅट्रिक होऊन ठाण्याला टेलिफोनचा कोर्स करून आल्या होत्या. फोनवर त्या शक्य तितकं ऑफिसातलं मराठी बोलायच्या. राग आला की ते मागे पडायचं आणि गावचं पुढे यायचं.

त्यांच्या खोलीच्या दाराच्या आतल्या बाजूला खडूनं पाच ओळी लिहिलेल्या होत्या. पुसट झाल्या की त्या पुन्हा गिरवायच्या.

१. आग, अपघात, दवाखाना
२. गेटवर उभी गाडी
३. गिऱ्हाईक
४. साहेब
५. घर

ही यादी त्यांना कोणी करून दिलेली नव्हती. कोणी तशी मागितलीही नव्हती. आमचे जनरल मॅनेजर कारखानीससाहेब पुण्याचे. बोलणं अत्यंत शुद्ध आणि शर्टाची इस्त्री त्याहून शुद्ध. आपण चौथ्या नंबरावर आहोत हे त्यांना नोकरीच्या तिसऱ्या वर्षी कळलं. त्या दिवशी मी त्यांच्या केबिनमध्ये एक प्रिंटआउट घेऊन उभा होतो, म्हणून त्यांच्या बाजूचं सगळं मी ऐकलं. पलीकडचं नंतर कुंदाताईंनी सांगितलं.

"कुंदाबाई, मी जनरल मॅनेजर बोलतो आहे."

"हो साहेब. आवाज ओळखला."

"पाऊण तास झाला, मी पुण्याची लाइन मागतो आहे."

"कशासाठी साहेब?"

साहेबांनी माझ्याकडे पाहिलं, आवाज खाली आणला. "ते जरा खाजगी आहे."

"खाजगी? मग साहेब, तुमी पाच नंबरवर गेलात. मी आपली चार नंबरवर धरून बसलेली."

साहेबांच्या मेव्हण्याच्या मुलीची पत्रिका जुळली की नाही, तो निरोप पुण्याहून यायचा होता. साहेब ताडकन उठले आणि जिना उतरून स्वतः खाली गेले. मीही प्रिंटआउट हातात घेऊन मागोमाग गेलो. असा प्रसंग कोण सोडणार?

कुंदाताई खुर्चीवरून उठल्या नाहीत. उठता यायचं नाही. हेडफोनची वायर तेवढी लांब नव्हती. त्यांनी बोर्डावरच्या आठ दिव्यांकडे बोट दाखवलं. "साहेब, आठही चालू हायत. कुठली तोडू ते तुमी सांगा. ही नाशिकच्या डीलरची, त्याला माल उद्या पायजे. ही भिवंडीच्या जकात नाक्यावरून, आपला ट्रक अडलाय. ह्या लाइनवर फिटर सावंत, त्याची आई इस्पितळात हाय. ही..."

साहेब नजरेनं आठव्या दिव्यापर्यंत आले. पुन्हा पहिल्यापासून आठव्यापर्यंत गेले. मग म्हणाले, "मी थांबतो." आणि स्टुलावर बसले. तिथे वीस मिनिटं बसले. अधूनमधून कोणाची लाइन किती वेळ चाललीय ते ते घड्याळात बघायला लागले. शेवटी तर त्यांनीच सांगितलं, "कुंदाबाई, तो डीलर आता क्रिकेटबद्दल बोलत असावा. हसणं हेडफोनमधून इथवर येतंय." कुंदाताईंनी डीलरची लाइन काढून साहेबांना दिली. पत्रिका जुळली होती.

चौथ्यानंतर पाचवं यायचं ते फार उशिरा. एखाद दिवशी घरच्या फोनची पाळी यायचीच नाही. म्हणून कुंदाताईंनी रोज चार ते साडेचार दोन लाइनी घरासाठी बाजूला काढून ठेवल्या होत्या. त्या अर्ध्या तासात त्या दोन लाइनींवर मालक आले तरी त्यांना जागा नव्हती. माणशी तीन मिनिटं. आणि त्या ऐकत असायच्या, ह्यात कोणालाही शंका नव्हती, कारण मी फोन ठेवायला लागलो की मध्येच आवाज यायचा, "गॅसचं विचारायचं ऱ्हायलं."

नव्वदीच्या मध्यावर कंपनीत स्वयंचलित एक्स्चेंज आलं. शून्य दाबलं की बाहेरची लाइन. कोणी कशासाठी विचारेना. पहिला आठवडा ऑफिसात दिवाळी होती. दुसऱ्या आठवड्यात असं झालं की शून्य दाबलं की कायम टुंग टुंग, कारण आठही लाइनींवर सकाळी साडेनऊपासून लोक आपापल्या सासुरवाडीशी बोलत होते. तरीही कुंदाताईंची जागा रद्द झाली ती झालीच. कारखानीससाहेबांचे निवृत्तीचे थोडे महिने राहिले होते. त्यांनी जाता जाता एक काम केलं, कुंदाताईंची बदली आमच्या ई.डी.पी.त करून घेतली.

आमचे प्रमुख वैद्य हवालदिल झाले. "पन्नाशी उलटलेल्या बाईंना मी कॉम्प्युटरमध्ये काय काम देऊ?" शेवटी त्यांना प्रिंटआउटच्या दोन्ही कडांच्या भोकाभोकांच्या पट्ट्या फाडायचं काम दिलं. एअरकंडिशनच्या गारठ्यात शाल पांघरून कुंदाताई दिवसभर टर्र टर्र पट्ट्या फाडायच्या. आम्ही काय बोलतो ते मात्र ऐकायच्या. ऐकण्याचा त्यांचा पंचवीस वर्षांचा सराव होता.

महिन्याभरानं त्या मला म्हणाल्या, "पाटणकर, ह्या वायरी कुठून कुठे जातात?"

"ताई, ते मलाही नक्की माहीत नाही."

खरंच नव्हतं. खोलीतल्या कपाटात पन्नाससाठ केबली शिरत होत्या, सगळ्या करड्या. एक काढली की कुठलं खातं बोंबलतंय त्यावरून आम्ही ती ओळखायचो. कुंदाताईंनी घरून जुन्या साड्यांच्या काठांच्या चिंध्या आणल्या. तीन आठवडे एकेक केबल हातानं चाचपत जिने, माळे, बाथरूमची मागची बाजू असं सगळं फिरल्या आणि प्रत्येकीला चिंधी बांधली. विक्री विभाग हिरवा, गोदाम लाल, हिशेब विभाग जांभळा, साहेबलोक जरीचे. पुढे अंधेरीहून नेटवर्कवाल्या कंपनीचा इंजिनिअर आला तेव्हा कपाट उघडून तो एकेक चिंधी उलटून बघत राहिला. "हे कुठल्या स्टँडर्डप्रमाणे आहे?" त्यानं विचारलं. वैद्य म्हणाले, "कोलशेत."

हा इंजिनिअर, दीक्षित त्याचं नाव, आला होता तो नव्या कामासाठी. कोलशेत ते डोंबिवली अशी कायमची लीज लाइन कंपनीनं घेतली होती. वेग चौसष्ट के. आज एवढ्या वेगात एक फोटोही धड उघडत नाही, पण तेव्हा आम्ही तिला चौसष्टची लाइन म्हणायचो आणि म्हणताना छाती पुढे काढायचो. ऑर्डरी, पत्रं, आणि डोंबिवलीशी बोलायचे फोनसुद्धा त्याच एका लाइनवरून. कपाटात एक स्विच बसला, त्यात प्रत्येक खात्याची केबल. आणि लाइनच्या तोंडाशी एक राउटर, लाइनवर आधी काय जाणार ते ठरवणारी पेटी. बाहेर सगळे दोन्ही पेट्यांना 'स्विच'च म्हणायचे. काही अडलं की गोदामातून फोन यायचा, "अहो, मग स्विच चालू करा की!"

आणि अडायचं तर रोज. कारण त्याच सुमारास सगळ्यांना ई-मेल मिळाला होता. विक्री विभागातल्या कोणीतरी आपल्या भावाच्या लग्नाचे फोटो स्कॅन करून डोंबिवलीच्या पंधरा जणांना पाठवले. एकेका पत्राला आठ मिनिटं. नवरा-नवरी दोन तास खाडीपलीकडे चालत होते आणि तेवढ्या वेळात माल कुठे पाठवायचा त्याच्या चिठ्ठ्या कोलशेतलाच अडकून पडल्या. डोंबिवलीच्या गेटवर सात ट्रक उभे राहिले.

दीक्षित म्हणाला, "उपाय सोपा आहे. राउटरमध्ये चार रांगा करता येतात. हाय, मीडियम, नॉर्मल, लो. कुठलं काम कुठल्या रांगेत ते तुम्ही सांगा, मी टाकतो."

वैद्यांनी सगळ्या खात्यांना पत्रक काढून विचारलं. आठवड्यानं अकरा उत्तरं आली. अकराही खात्यांनी स्वतःला 'हाय' लिहिलं होतं. विक्री विभागानं त्याखाली दोन रेघा मारल्या होत्या. कॅन्टीनवाल्या शेट्टीनं, ज्याच्याकडे कॉम्प्युटरच नव्हता, त्यानंही 'हाय' लिहून पाठवलं होतं. उगाच मागे राहायला नको. वैद्य भांडणाला भिणारे. त्यांनी दीक्षितला सांगितलं, "सगळ्यांना हाय टाका."

दीक्षितनं टाकलं. काहीच फरक पडला नाही. मीडियम, नॉर्मल, लो ह्या तीन रांगा रिकाम्या, आणि पहिल्या रांगेत पूर्वीचीच चेंगराचेंगरी.

कोपऱ्यातली टर्र टर्र थांबली. "दीक्षित," कुंदाताई म्हणाल्या, "तू कामं विचारायला सांगितलंस, ह्यांनी माणसं विचारली. माणसाला विचारशील तर तो पहिलाच नंबर सांगनार." मग त्यांनी वैद्यांकडे पाहिलं. "मी सांगू?"

त्यांनी सांगितलं आणि दीक्षितनं टाईप केलं. डोंबिवलीचा फोन पहिल्या रांगेत, कारण अपघात झाला तर तो फोनवरच कळणार. ट्रकच्या चिठ्ठ्या दुसऱ्या. गिऱ्हाइकांच्या ऑर्डरी तिसऱ्या. ई-मेल शेवटच्या; मग तो साहेबांचा असो की शेट्टीचा.

दोन दिवस ट्रक फटाफट सुटले. तिसऱ्या दिवशी कुंदाताईच दीक्षितला फोन करून म्हणाल्या, "ई-मेल एक पन गेला नाय. तीन दिवस."

"बरोबर आहे, ताई. वरच्या रांगेत काही असेल तोवर यंत्र खालच्या रांगेकडे बघतच नाही."

"असं कसं बघत नाय? शेवटचा असला म्हनून काय त्यानं मरायचं? त्याचा अर्धा तास कुठाय?"

अर्धा तास म्हणजे काय, ते दीक्षितला मी समजावलं. त्यानं ते वहीत लिहून घेतलं. मग म्हणाला, "दुसरी एक पद्धत आहे. फोनला त्याचा वाटा बाजूला काढायचा. बाकीच्या प्रत्येक रांगेला माप ठरवून द्यायचं. मोठ्या रांगेतून मोठं माप घ्यायचं, छोट्यातून छोटं, पण फिरून सगळ्यांकडे जायचंच."

"मग ती पैल्यांदा का नाय सांगितलीस?"

मापं कुंदाताईंनी ठरवली. आठवडाभर कागदावर रेघा मारून कधी काय अडतं ते लिहिलं, मग कुठे थोडं वाढव, कुठे थोडं काप. कमांड टाईप करायलाही त्या शिकल्या; एका बोटानं, प्रत्येक अक्षर मोठ्यानं म्हणत. वैद्यांनी पट्ट्या फाडायचं काम दुसऱ्याला दिलं. कुंदाताईंच्या टेबलावर डोंबिवलीच्या लाइनचा एक चाचणीचा फोन आला. झालं असं की कारखान्यातल्या लोकांना कोलशेतला कुठेही थेट फोन लावता येत असूनही सवयीनं ते ह्याच नंबरावर लावायचे. पलीकडून "ताई, जरा गोदाम द्या." कुंदाताई "कशासाठी?" विचारून द्यायच्या.

नव्याण्णव साली मालकांचे चिरंजीव अमेरिकेहून शिकून आले. रोहनसाहेब. माणूस वाईट नव्हता, घाईत होता. तीन परदेशी पाहुणे येणार होते आणि रोहनसाहेबांना त्यांना कोलशेतच्या मीटिंगच्या खोलीत बसवून पडद्यावर डोंबिवलीचा चालू कारखाना दाखवायचा होता. तिकडे कॅमेऱ्यासमोर कारखान्याचे मॅनेजर परांजपे उभे राहून इंग्रजीत माहिती देणार. परांजपे आदल्या आठवड्यापासून आरशासमोर तयारी करत होते.

रोहनसाहेब आमच्या खोलीत आले. "उद्या अकरा ते बारा सगळी लाइन व्हिडिओला पाहिजे. सगळी. ओके?"

कुंदाताई म्हणाल्या, "साहेब, डोंबिवलीच्या गेटबाहेर कोणीतरी खड्डा खणलाय. कालपास्नं तिकडचे बाहेरचे फोन बंद हायत. आपली लाइन मागच्या रस्त्यानं येते म्हनून तेवढी वाचलीय. फोनपुरतं थोडं ठेवूया."

"एका तासात काय होतंय? सगळी द्या."

"बरं साहेब."

दुसऱ्या दिवशी पावणेअकराला रोहनसाहेबांनी दारातूनच विचारलं, "दिली?"

"दिली," कुंदाताई म्हणाल्या. "सगळी."

मी त्यांच्या शेजारी उभा होतो. कॉम्प्युटरच्या पडद्यावर मला दिसत होतं की सगळी दिलेली नाही. चौसष्टपैकी आठ त्यांनी फोनसाठी मागे ठेवले होते. मी तोंड उघडलं. त्यांनी टेबलाखालून माझ्या पायावर पाय ठेवला, आणि त्यांचं वजन मी वर सांगितलंच आहे.

अकराला मीटिंगच्या खोलीत परांजपे पडद्यावर आले; तिथलं सगळं मला नंतर वैद्यांनी सांगितलं. पोस्टाच्या तिकिटापेक्षा जरा मोठे. हात वर केला की तो आधी इथे दिसायचा, मग एकदम तिथे. मधला हात नाहीच. पाहुणे सभ्य होते, माना डोलावत होते.

अकरा वाजून वीस मिनिटांनी आमच्या खोलीतला फोन वाजला. कुंदाताईंनी उचलला आणि त्यांनी 'कशासाठी' विचारलं नाही. पलीकडचं ओरडणं मलाही ऐकू येत होतं. रंगाची भांडी धुवायचा कॉस्टिक सोडा उडून तिथल्या मिलिंद कांबळेच्या डोळ्यांत गेला होता.

"कोन बोलतंय? पवार? पवार, गप ऱ्हा. पानी सुरू हाय काय? डोळ्यांवर पानी?"

पाणी सुरू नव्हतं. एक जण म्हणत होता दूध घाला, दुसरा म्हणत होता तूप, आणि पवार रिक्षा आणायला निघाला होता. कंपनीचे डॉक्टर एक दिवस कोलशेतला, एक दिवस डोंबिवलीला बसायचे. त्या दिवशी ते आमच्या खालच्या मजल्यावर होते. कुंदाताईंनी दोन बटणं दाबली. पाचव्या सेकंदाला डॉक्टर लाइनवर होते. "नळाखाली धरा. पापण्या उघडून धरा. अर्धा तास हलवायचं नाही. दूध नाही, तूप नाही, पाणी! मी डोंबिवलीच्या डोळ्यांच्या डॉक्टरांना फोन करतो." दुसऱ्या फोनवरून कुंदाताईंनी तोही फोन लावून दिला. डॉक्टर बोलत होते तेवढा वेळ त्या पवारला धरून होत्या. "पानी चालू हाय ना? बोलत ऱ्हा. थांबू नको. मना ऐकू येऊदे."

मीटिंगच्या खोलीत त्याच वेळी परांजप्यांच्या मागून चार माणसं रबरी पाइप घेऊन धावत गेली. परांजपे 'क्वालिटी' हा शब्द म्हणत मागे वळले आणि नेमके तिथेच गोठले. मान वाकडी, तोंड उघडं, हवेत एक पाइप. पुढची सात मिनिटं परदेशी पाहुण्यांनी ते एकच चित्र पाहिलं. शेवटी त्यातल्या वयस्कर पाहुण्यानं हळूच विचारलं, "ही तुमची नेहमीची पद्धत आहे का?"

कांबळेचे डोळे वाचले. आठवडाभर पट्ट्या होत्या, मग तो कामावर आला. डोळ्यांचे डॉक्टर म्हणाले होते की ते पाणी दहा मिनिटं उशिरा सुरू झालं असतं तर काही खरं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी कुंदाताईंना रोहनसाहेबांनी बोलावलं. मलाही बोलावलं, साक्षीदार म्हणून.

"फोन आला कसा?" रोहनसाहेब म्हणाले. "मी सगळी लाइन व्हिडिओला द्यायला सांगितलं होतं. तुम्ही म्हणालात, दिली."

"खोटं बोलले, साहेब. आठ ठेवले होते."

"तुम्ही मला तोंडावर खोटं सांगितलंत?"

"तुमी ऐकत नव्हतात."

कुंदाताईंच्या निवृत्तीला तीन महिने होते आणि समोरचा माणूस मालकाचा मुलगा होता. त्यांचे हात मांडीवर घट्ट धरलेले मला दिसले.

"त्या आठमुळे माझा व्हिडिओ गोठला," रोहनसाहेब म्हणाले, पण आवाजात जोर नव्हता.

मी मध्ये पडलो. "सर, मी दीक्षितला विचारलं. तो म्हणाला, चौसष्टच्या चौसष्ट दिले असते तरी परांजपे गोठलेच असते."

रोहनसाहेबांनी टेबलावरचा एक कोरा कागद पुढे ओढला. मग म्हणाले, "जा तुम्ही."

संध्याकाळी पर्सोनेलचे अधिकारी स्वतः आमच्या खोलीत एक पाकीट घेऊन आले. ते जरा ओशाळलेले होते. पाकिटात दोन पत्रं होती. एकात वरिष्ठांना चुकीची माहिती दिल्याबद्दल ताकीद. दुसऱ्यात प्रसंगावधान दाखवल्याबद्दल कंपनीतर्फे कौतुक. दोन्हींवर तीच तारीख, तीच सही.

कुंदाताईंनी चष्मा लावला. दोन्ही पत्रं दोन हातांत धरली. "साहेब, आधी कुठलं वाचू? नंबर टाकलेला नाय."

निवृत्तीच्या दिवशी भाषणं झाली, नारळ झाला, शाल झाली. घरी सोडायला कंपनीनं गाडी दिली. कुंदाताईंचं घर गेटपासून चालत दहा मिनिटांवर. त्या गाडीत बसल्या आणि ड्रायव्हरला म्हणाल्या, "डोंबिवली."

मी काच खाली करायला लावली. "डोंबिवलीला काय आहे, ताई?"

"कारखाना."

"तो माहीत आहे. तिथे काय?"

"मी बघितलेला नाय," त्या म्हणाल्या. "तीस वर्सं रोज बोलले. कोनी न्यायचं काढलं नाय, आनि मी पन विचारलं नाय. तू येतोस?"

मी गेलो. कारखान्याच्या गेटवर पहारेकऱ्यानं गाडी अडवली. "कोण पाहिजे?"

"म्हात्रे, तुझा खोकला अजून गेला नाय," आतून कुंदाताई म्हणाल्या. म्हात्रे आधी दचकला, मग त्यानं गेट सताड उघडलं आणि आत पळत गेला.

पाच मिनिटांत निम्मा कारखाना अंगणात जमला. कोणी नाव सांगेना. ती मजाच झाली. प्रत्येकानं पुढे येऊन नुसतं "बोला ताई" म्हणायचं आणि कुंदाताईंनी नाव सांगायचं. पवार. साळुंखे. स्टोअरवाला डिसूझा. "तू पेडणेकर? मना वाटलेलं, तू उंच असशील." परांजपे केबिनमधून बाहेर आले, त्यांनाही रांगेत उभं केलं. एकही नाव चुकलं नाही.

मागे एक सडपातळ माणूस उभा होता. तो पुढेही येईना आणि बोलेही ना. जाड चष्मा, निळा कोट, कोटावर रंगाचे ठिपके. कुंदाताईंनी त्याच्याकडे पाहिलं. "हा कोन? ह्याचा आवाज मी ऐकलेला नाय."

"मी कधी फोन केलाच नाही, ताई," तो म्हणाला. "मी मिलिंद कांबळे."

कुंदाताईंनी दोन्ही हातांत त्याचा चेहरा धरला, उजेडाकडे वळवला आणि चष्म्याच्या आतून आधी एक डोळा बघितला, मग दुसरा. मासळी ताजी आहे का बघावी तसं, अगदी नीट. "काय काम करतोस तू?"

"शेड मॅचिंग. गिऱ्हाइकानं रंगाचा तुकडा पाठवला की नुसता बघून तसाच रंग बनवायचा."

"डोळ्यांचंच काम!"

"हो." तो हसला. मग त्यांच्या साडीकडे बघत म्हणाला, "ताई, हा रंग आपल्याकडे नाही. मोरपिशी आहे, पण ह्यात कुठेतरी राखाडी आहे. थांबता का थोडं? बनवतो."

ड्रायव्हर हॉर्न वाजवत होता. मी पुढे होऊन सांगितलं की संध्याकाळी शिळफाट्याला ट्रॅफिक लागेल. कोणी लक्ष दिलं नाही. प्रयोगशाळेत कांबळेनं एक पिंप उपडं घातलं, त्यावर कुंदाताईंना बसवलं आणि त्यांचा पदर टेबलावरच्या दिव्याखाली पसरला. शेजारी छोटा डबा ठेवून तो थेंब थेंब रंग घालत होता, काडीनं ढवळत होता, पत्र्यावर ओढून पदराशी धरून बघत होता. नारळ आणि शाल त्यांच्या मांडीवर तशीच होती. ड्रायव्हरला थांब म्हणायला मी दाराशी गेलो तेव्हा त्या वाकून डब्यात बघत होत्या.

"हिरवा जरा जास्त झालाय रे," त्या म्हणत होत्या.

"दिसतंय मला, ताई," कांबळे म्हणाला.

"दिसतंय ना? मग झालं."

आणि त्या पुन्हा नीट सावरून बसल्या.